मिसाईलला हुलकावणी: केर्बलमध्ये चुकवणारं विमान कसं बांधायचं

विमान बांधायच्या खेळात मिसाईल चुकवायचं म्हटलं की बहुतेक जण आधी पंखावर पंख चढवतात. कंट्रोल सरफेस, म्हणजे पंखांवरचे हलणारे भाग, दुप्पट होतात, विमान जागच्या जागी गर्रकन वळायला लागतं आणि काम झालं असं वाटतं. पहिलं मिसाईल खरंच चुकतं. दुसरं लागतं. तोवर विमानाचा वेग निम्म्यावर आलेला असतो आणि दुसऱ्या वळणासाठी त्याच्याकडे काही शिल्लक नसतं.

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेला होम मैदानावर मौत का कुआँ पाहिला असेल तर हे पटकन कळेल. गाडी भिंतीला धरून राहते ती वेगामुळे. वेग गेला की भिंत सुटते, मग चालवणारा कितीही तरबेज असो. हवेतल्या वळणाचंही असंच आहे.

इथलं सगळं केर्बल स्पेस प्रोग्रॅम या यानं बांधून उडवायच्या संगणक-खेळाच्या 1.12 आवृत्तीवर आणि बीडी आर्मरी प्लस या मॉडवर (खेळाला वरून जोडायच्या भरीवर) बेतलेलं आहे. मूळ खेळात शस्त्रं नाहीत. मिसाईल, रडार, फ्लेअर (उष्णतेचं आमिष), चॅफ (रडारला फसवणारे तुकडे) आणि जॅमर (रडार गोंधळवणारं यंत्र) या मॉडमधून येतात. दुसऱ्या एखाद्या विमानबांधणीच्या खेळात भागांची नावं बदलतील, हिशेब बराचसा हाच राहील.

मिसाईल कसं विचार करतं

मिसाईल तुमच्या शेपटीमागे धावत येतं हा समज आधी सोडायला हवा. ते तुम्ही पुढे जिथे पोचणार तिथे निघालेलं असतं. सोलापूरच्या सात रस्ता चौकात आडव्या रस्त्याने रिक्षा येतेय, ती तुमच्या काचेत एकाच जागी थिजल्यासारखी दिसतेय आणि फक्त मोठी होत चाललीय, असं झालं तर टक्कर नक्की. मिसाईल मुद्दाम हीच स्थिती तयार करतं. त्याच्या डोळ्यापासून तुमच्यापर्यंतची रेषा फिरायला लागली की ते इतकं वळतं की रेषा पुन्हा स्थिर व्हावी. याला प्रपोर्शनल नेव्हिगेशन म्हणतात. रेषा जितकी फिरली त्याच्या किती पट वळायचं हा आकडा साधारण 3 ते 5 ठेवतात. बीडी आर्मरीत प्रत्येक मिसाईलच्या फाईलमध्ये त्याची पद्धत लिहिलेली असते. काही मिसाईल नुसती पुढचा अंदाज घेऊन जातात, काही या पद्धतीने. तपासण्याआधी ती फाईल उघडून बघाच. कमाल अँगल ऑफ अटॅक (समोरून येणाऱ्या हवेशी होणारा कोन), मोटर किती सेकंद जळते आणि कोणत्या वेगाला ते सगळ्यात चांगलं वळतं, हे तीन आकडे टिपून ठेवा.

आता यातला कळीचा हिशेब. तो पट 3 असेल तर सतत वळणाऱ्या विमानाला गाठायला मिसाईलला शेवटी विमानाच्या तिप्पट जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेली ओढ) ओढावा लागतो. पट 4 असेल तर दुप्पट. हे आदर्श, जराही न रेंगाळणाऱ्या मिसाईलचं गणित आहे. खऱ्या मिसाईलचे पंख फिरायला वेळ घेतात, म्हणून प्रत्यक्षात जास्तच लागतो. तुम्ही 9 जी ओढत असाल तर त्याला 27 हवेत.

सेकंदाला 800 मीटर वेगाचं, 30 जी ओढू शकणारं मिसाईल हे सहज करेल. तेच मिसाईल मोटर विझल्यावर 400 वर आलं तर? हवेतला जोर वेगाच्या वर्गाने बदलतो. वेग अर्धा झाला की जी पाव होतो, म्हणजे साडेसात. 9 जी ओढणाऱ्या विमानाला ते आता गाठू शकत नाही. विमान तेच आणि वैमानिकही तोच, तरी निकाल उलटा.

म्हणून चुकवणाऱ्या विमानाची कामं दोन. मिसाईलला दमवून आणायचं. आणि ते दमून पोचेल तेव्हा आपण स्वतः दमलेलं नसायचं.

आधी चाचणीची जागा

विमानाच्या आधी तोफखाना बांधा. प्रोब कोअर (वैमानिकाशिवाय यान चालवणारा भाग), दोन-तीन बॅटऱ्या, वेपन मॅनेजर, रडार आणि चार मिसाईल, सगळं लाँच क्लँपवर (जमिनीवर धरून ठेवणाऱ्या खांबावर) उभं. बॅटरी कमी ठेवली तर रडार वीज खाऊन टाकतं, प्रोब मरतो आणि मिसाईल सुटतच नाही. मग विमान चुकवतंय असं वाटत राहतं. वेपन मॅनेजरमध्ये दोघांचे संघ वेगळे आहेत ना बघा, गार्ड मोड (आपोआप मारा) चालू करा आणि एका लक्ष्यावर एकच मिसाईल ठेवा.

फिजिक्स रेंज एक्स्टेंडर हे मॉड लागतंच. मूळ खेळ आसपासच्या दोन-सव्वादोन किलोमीटरपर्यंतचीच यानं जिवंत ठेवतो. त्यापलीकडच्या तोफखान्याचं खेळाच्या लेखी अस्तित्वच उरत नाही. पण रेंज उगाच शंभर किलोमीटर करू नका. अंतर वाढलं की आकडेमोडीतली चूक वाढते आणि जमिनीवर उभी असलेली यानं थरथरायला लागतात. चाचणीला 15-20 किलोमीटर पुरे.

सुरुवात नेहमी एकाच जागेवरून व्हावी. उंची 2,000 मीटर, वेग सेकंदाला 250 मीटर, तोफखान्यापासून 6 किलोमीटर. एफ5 दाबून सेव्ह करा, प्रत्येक प्रयत्नानंतर एफ9 ने परत या. समोरून, आडवं आणि पाठीवरून, अशा तीन दिशांनी प्रत्येकी दहा प्रयत्न करा. एका फेरीत विमानात एकच बदल. पंखही बदलला आणि इंधनही बदललं, तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळत नाही.

एक गोष्ट सोलापुरात जास्त जपावी लागते. मे महिन्यात पारा 42-44 वर असताना दुपारी लॅपटॉप स्वतःला वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. खेळाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातलं घड्याळ हिरव्याचं पिवळं होतं. याचा अर्थ खेळातला एक सेकंद खऱ्या एका सेकंदापेक्षा लांबलाय. विमानाचं आणि मिसाईलचं गणित बिघडत नाही, दोघंही सारखीच मंदावतात. फायदा होतो तो तुमच्या हाताला. दोन सेकंदांत घ्यायचा निर्णय तीन सेकंदांत घेता येतो आणि विमान आहे त्यापेक्षा चांगलं वाटायला लागतं. घड्याळ पिवळं असताना हाताने वाचवलेलं विमान मोजू नका. चाचणी पहाटे घ्या, लॅपटॉप पाटावर उचलून ठेवा, खालून हवा लागू द्या, सावल्या आणि ढग बंद करा. नाहीतर विमान मॉडमधल्या आपोआप उडवणाऱ्या एआय पायलटच्या हाती द्या. त्याला घड्याळ मंदावल्याचा फायदा मिळत नाही.

विमान

एक आसन, एक इंजिन. दोन इंजिनांनी जोर वाढतो, पण वजन मधल्या रेषेपासून लांब जातं आणि विमान लोळायला, म्हणजे नाक-शेपटाच्या रेषेभोवती फिरायला, आळशी होतं. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे.

मार्क 1 कॉकपिट सव्वा टन. त्यामागे एक मार्क 1 लिक्विड फ्युएल फ्यूजलाज. त्यात 400 युनिट मावतात, भरायचे 200, म्हणजे 1 टन इंधन आणि पाव टन टाकी. शेवटी जे-404 पँथर इंजिन, 1.2 टन. पंख, कॅनार्ड (नाकाजवळचे छोटे पंख), शेपूट, चाकं, इनटेक (हवा घेणारं तोंड), वेपन मॅनेजर आणि फ्लेअर-चॅफ सोडणारे डिस्पेन्सर मिळून सव्वा-दीड टन धरा. एकूण पाच टनांच्या आसपास.

पँथरच का? जमिनीलगत त्याचा साधा जोर 85 किलोन्यूटन आहे आणि आफ्टरबर्नरवर (जादा इंधन जाळून) 130. पाच टनांना 130 म्हणजे वजनाच्या 2.6 पट जोर. नोझल 10 अंश हलतं, त्यामुळे वेग कमी झाला तरी नाक हातात राहतं. व्हिपलॅश हे दुसरं इंजिन याच्यापेक्षा खूप वेगाने जातं, पण त्याची खरी ताकद मॅक 3 (आवाजाच्या तिप्पट वेग) जवळ उघडते. तिथे वळणाचा घेर इतका मोठा होतो की हुलकावणीला त्याचा उपयोग नाही.

इंधनाचाही हिशेब करून ठेवा. आफ्टरबर्नरवर सेकंदाला साधारण 0.66 युनिट जळतं, म्हणजे 200 युनिट पाच मिनिटं पुरतात. साध्या जोरावर तेच साडेसतरा मिनिटं. मिसाईलशी एक झटापट अर्ध्या मिनिटात संपते. टाकी पूर्ण भरून एक टन जादा वजन का वागवायचं?

पंख डेल्टा (त्रिकोणी) घ्या, लांबी कमी आणि मुळाशी रुंद. तेजस आणि मिराज 2000 या दोघांनी हाच आकार निवडलाय त्यामागे कारणं आहेत. मोठ्या कोनावरही डेल्टा एकदम सोडून देत नाही आणि टोकं जवळ असल्याने लोळणं सोपं जातं. पंख किती मोठा हवा ते उडवून ठरवा. ऑल्ट आणि एफ12 दाबून फिजिक्समधल्या एअरो पानावर आकडे दाखवायची खूण करा. कोन, लिफ्ट (उचलणारा जोर), ड्रॅग (हवेचा अडथळा) सगळं पडद्यावर येतं. सेकंदाला 230-250 मीटरला 15 अंश कोनावर 9 ते 10 जी मिळाला की पंख पुरे. त्याहून मोठा पंख म्हणजे नुसतं ओझं.

पंधरा अंशच का, हे समजून घेतलंत तर अर्धं काम झालं. निव्वळ चपट्या पाटीचा हिशेब धरला तर 15 अंशांवर लिफ्ट ड्रॅगच्या 3.7 पट मिळते, 30 अंशांवर फक्त 1.7 पट. तुम्ही 15 अंशांवर 9 जी ओढलेत तर ड्रॅग 2.4 जी. इंजिन 2.6 देतंय. म्हणजे वेग टिकला, असं कितीही वेळ फिरा. आता हौसेने 30 अंश खेचून 20 जी काढलेत. ड्रॅग साडेअकरा जी. इंजिनाचे 2.6 वजा केले तरी पहिल्याच सेकंदात 85 मीटरच्या आसपास वेग जातो. सुरुवातीला म्हटलेलं गर्रकन वळणारं विमान हेच. खेळातल्या पंखांचे आकडे चपट्या पाटीशी तंतोतंत जुळत नाहीत, पण कल हाच आहे आणि एअरो पानावर तो डोळ्यांनी दिसतो.

म्हणून पिच देणाऱ्या (नाक वर-खाली करणाऱ्या) सरफेसचं ऑथॉरिटी लिमिटर, म्हणजे ते किती हलतील याची मर्यादा, कमी करत आणा. पूर्ण स्टिक मागे ओढल्यावरही कोन 16-18 च्या वर जाऊ नये. शेवटच्या क्षणी वापरायला पूर्ण ताकद हवी असेल तर दोन जादा एलेव्हॉन (पंखामागचे हलणारे भाग) ठेवा आणि वेगळ्या ॲक्शन ग्रुपने (एका कळीवर बांधलेल्या आज्ञेने) चालू करा.

गोळे आणि टाकी

एडिटरमध्ये पिवळा गोळा वजनाचा मध्य दाखवतो, निळा लिफ्टचा. निळा पिवळ्याच्या किंचित मागे हवा, साधारण पाव गोळा. जास्त मागे गेला तर नाक जड होतं आणि 9 जी येतच नाही. पुढे गेला तर विमान पहिल्याच जोराच्या ओढीत शेपटावर उलटतं. एफ-16 आणि तेजस मुद्दाम अस्थिर बनवलेत आणि संगणक त्यांना सेकंदात अनेकदा सावरतो. खेळातल्या एसएएसवर (विमान आपोआप स्थिर धरणाऱ्या यंत्रणेवर) तेवढा भरवसा टाकू नका. सीमारेषेवरचं विमान एसएएस हातात धरतं खरं, पण नाक सतत थरथरत राहतं आणि त्या थरथरीत वेग जळतो.

आता टाकी शून्य करून गोळे पुन्हा बघा. इथेच बहुतेक डिझाईन फसतात. टाकी पिवळ्या गोळ्याच्या पुढे असेल तर इंधन संपत जाताना मध्य मागे सरकतो. भरल्या टाकीने गुणी असलेलं विमान शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात उलटायला लागतं आणि दोष विनाकारण पंखांवर येतो. टाकी पिवळ्या गोळ्याच्या बरोबर वर येईल असे पंख मागे-पुढे सरकवा. इंजिन जड आणि मागे असल्याने पंखही मागेच जातात. त्यामुळे पुढे कॅनार्ड बसवायला चांगला लांब हात मिळतो.

सांधे लवचीक असतात हेही विसरू नका. 9 जी ला पंखाचं मूळ वाकतं, पंखाचा कोन बदलतो आणि विमान आपोआप एका बाजूला लोळायला लागतं. पंखांना ऑटोस्ट्रट (न दिसणारा आधार) द्या, पण ग्रँडपॅरंट प्रकारचा. सर्वांत जड भागाला बांधणारा प्रकार निवडला तर इंधन कमी होताना जड भाग बदलतो. मग स्ट्रट एका क्षणात दुसरीकडे जोडले जातात आणि विमानाला झटका बसतो, कधीकधी नेमका वळणात.

लोळण्याचा वेग हाच खरा आकडा

हे सगळ्यात कमी लिहिलं जातं, म्हणून इथे जरा थांबू.

विमान ओढतं ते आपल्या पाठीच्या दिशेने. ओढण्याची दिशा बदलायची तर आधी लोळावं लागतं. डावीकडचं वळण उजवीकडे फिरवायचं म्हणजे 180 अंश लोळणं. तेवढ्या वेळात ओढ चुकीच्या दिशेला असते किंवा सोडलेली असते, आणि विमान मिसाईलसाठी जवळजवळ सरळ रेषेत असतं. वळणाची ताकद दुप्पट केली आणि लोळायला दीड सेकंद लागत असेल तर ती ताकद वायाच जाते.

किती वेगाने लोळावं? इथे एक छोटं गणित उपयोगी पडतं. डावी-उजवी नागमोडी चाल एका ठरावीक आवर्तनात केली तर विमान मधल्या रेषेपासून किती बाजूला जातं, ते ओढीवर आणि आवर्तनाच्या वर्गावर ठरतं. 9 जी ने, 1 सेकंदाच्या आवर्तनात, विमान जेमतेम सव्वादोन मीटर हलतं. मिसाईलचा प्रॉक्सिमिटी फ्यूज (लक्ष्य जवळ आलं की स्फोट घडवणारा भाग) एवढ्याला जुमानत नाही, ते शेजारी येऊन फुटतं. 3 सेकंदांच्या आवर्तनात तेच 20 मीटर होतात, 4 सेकंदांत जवळपास 36. स्टिक भराभर डावी-उजवी केली की छान चुकवतोय असं वाटतं, पण हवेत विमान जागच्या जागी थरथरत असतं.

उलट आवर्तन 8-10 सेकंदांवर नेलं तर मिसाईलला प्रत्येक वळण समजून घ्यायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून 3 ते 4 सेकंद. अर्धं आवर्तन पावणेदोन सेकंदांचं. त्यातला तिसरा हिस्साही लोळण्यात जाऊ नये, म्हणजे 180 अंश साधारण अर्ध्या सेकंदात. विमान सेकंदाला 360 अंश लोळलं पाहिजे.

या चालीला इथे धोटा म्हणू या. यंत्रमागावर धोटा एका टोकाला जाऊन थांबतो आणि झटक्यात परततो, मधे रेंगाळत नाही. चालही अशीच हवी. पूर्ण ओढ, ओढ सोडून झटक्यात लोळण, परत पूर्ण ओढ. ओढत असतानाच लोळायला गेलात तर विमान मोठ्या गोलात फिरतं आणि नाक भरकटतं.

मोजायचं साधं तंत्र: सेकंदाला 250 मीटरला सरळ उडत स्टिक पूर्ण एका बाजूला, दहा फेऱ्या, स्टॉपवॉच. दहा सेकंद आले तर ठीक. मग थांबलेल्या स्थितीतून 180 अंश किती वेळात होतात ते व्हिडिओ रेकॉर्ड करून फ्रेमवर मोजा. हा दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा, कारण धोट्यात दरवेळी शून्यापासून सुरुवात होते.

तो सुधारायचा तर जड वस्तू मधल्या रेषेला आणा. पंखाच्या टोकाला लटकवलेलं मिसाईल पोटाखाली घेतलं तरी फरक जाणवतो. सरफेसची कामं वाटून द्या: बाहेरचे एलेव्हॉन फक्त रोल (लोळणं), आतले फक्त पिच, कॅनार्ड फक्त पिच, मागचं उभं शेपूट फक्त यॉ (नाक डावं-उजवं). सगळ्यांना सगळं करायला ठेवलं तर रोल आणि पिच एकमेकांचा प्रवास खातात आणि दोन्ही अर्धवट मिळतात. ॲडव्हान्स्ड इनलाइन स्टॅबिलायझर (विमान फिरवणारं आतलं चाक) 0.1 टनाचा आहे आणि 15 किलोन्यूटन-मीटर देतो. कमी वेगात मदत होते, 250 ला त्याचा वाटा नगण्य.

लोळणं वाढलं की एक नवीन दुखणं येतं. लांब, बारीक आणि जोरात लोळणारं विमान कोनात असताना लोळवलं की नाक बाहेर फेकलं जातं आणि विमान आडवं होतं. हे खेळाचं वेड नाही. अमेरिकेच्या एफ-100 या लढाऊ विमानाला 1954 मध्ये याच कारणाने अपघात झाले आणि त्याचं उभं शेपूट मोठं करावं लागलं. उपाय इथेही तोच. एका टेल फिनच्या जागी दोन लावा आणि शक्य तितक्या मागे. शिवाय लोळण्याआधी ओढ सोडायची सवय लावून घ्या.

प्रत्यक्ष चुकवताना

धोक्याची सूचना आली की समोर जाऊ नका. मिसाईलचा सरासरी वेग 750 धरा, तुमचा 250, अंतर 6 किलोमीटर. समोरून गेलात तर 6 सेकंद मिळतात. आडवे वळलात तर 8 च्या आसपास, पाठ फिरवलीत तर 12. या जादा सेकंदांत त्याची मोटर विझते आणि प्रत्येक सेकंदाला ते मंद होतं. लांबून सुटलेलं असेल तर पाठ दाखवून सरळ पळणं सगळ्यात चांगलं, ते पोचतच नाही. जवळून सुटलेलं असेल तर पाठ फिरवण्यातच वेग जातो, मग आडवं राहा.

त्याच वेळी खाली या. खेळातल्या केर्बिन ग्रहावर 5,000 मीटरला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून कमी आहे. वर विरळ हवेत मिसाईल फारसं दमत नाही. खालच्या जाड हवेत मोटर विझल्यावर त्याचा वेग भराभर उतरतो. शिवाय खाली उतरताना तुम्हाला वेग फुकट मिळतो.

जमिनीजवळ रडारलाही त्रास होतो. बीडी आर्मरीत जमिनीच्या परतीच्या गोंधळाचा हिशेब आहे, म्हणून खाली आणि आडवं असताना चॅफ जास्त काम करतं. मधे टेकडी आली तर फारच छान. होटगी रोडच्या विमानतळाशेजारची साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडेपर्यंत एक उंच वस्तू आकाशातला किती मोठा भाग अडवते याची चर्चा सोलापुरात घरोघर होती. रडारच्या नजरेलाही टेकडी अशीच अडवते. केर्बल स्पेस सेंटरच्या पश्चिमेचे डोंगर यासाठीच वापरा.

उष्णतेवर येणारं मिसाईल असेल तर आफ्टरबर्नर आधी बंद करा. पँथरची ती अदलाबदल एका ॲक्शन ग्रुपवर ठेवा आणि तो अंगठ्याजवळ असू द्या. मग फ्लेअर, आणि फ्लेअर सुटल्यावर लगेच दिशा बदला. फ्लेअर टाकून सरळ उडत राहिलात तर तुम्ही आणि फ्लेअर दोघंही मिसाईलच्या नजरेत राहता आणि ते परत तुम्हाला निवडू शकतं. एकदम सगळे फ्लेअर ओतू नका. दोन-दोन, सेकंदभराच्या अंतराने. सुरुवातीची उष्णताशोधी मिसाईल फक्त मागून, तापलेल्या नोझलवर धरायची. कुठूनही धरणारं एआयएम-9एल 1982 च्या फॉकलंड युद्धात वापरलं गेलं. त्यामुळे मॉडमधलं कोणतं मिसाईल समोर आहे ते पाहून नाक की शेपूट दाखवायचं ते ठरवा.

शेवटचा तोड, म्हणजे एकदम पूर्ण ओढीचं वळण, कधी घ्यायचा? कबड्डीतला चढाईपटू हुलकावणी देतो ती बचावपटूचा हात अगदी जवळ आल्यावर. लांबून दिली तर समोरचा सावरतो. इथेही तसंच. आदळायला अडीच-तीन सेकंद उरले की पूर्ण ओढ. जवळ येण्याचा वेग सेकंदाला 600 असेल तर अंतर 1,500 ते 1,800 मीटर. व्हिएतनाममध्ये अमेरिकी वैमानिक एस-75 या सोव्हिएत मिसाईलला उडता टेलिफोनचा खांब म्हणत. तो दिसला की त्याच्याकडे जोरात खाली सूर मारायचा, तो पाठोपाठ वळला की अगदी शेवटी वर ओढायचं, ही त्यांची रीत होती. जड, लहान पंखांचा खांब दुसऱ्या वळणाला पुरा पडत नसे. पण खांब दिसणं गरजेचं होतं, ढगात तो उशिरा दिसला की वेळच उरायचा नाही.

तोडानंतर सरळ होऊ नका. लगेच धोटा, दोन आवर्तनं. बॅरल रोलही, म्हणजे ओढ धरून मळसूत्रासारखं फिरत पुढे जाणंही, चालतो. त्याच 9 जी ने 4 सेकंदांत एक फेरी म्हणजे 36 मीटर त्रिज्येचा गोल, आणि मिसाईलला क्षणभरही स्थिर दिशा मिळत नाही. बॅरल रोलचा फायदा असा की ओढ कधीच सोडावी लागत नाही, म्हणून मंद लोळणाऱ्या विमानालाही तो जमतो. तोटा असा की एकूण मार्ग सरळच राहतो, वेग टिकवून असलेल्या मिसाईलला त्याने फार फरक पडत नाही. ते दमलेलं असेल तेव्हाच वापरा.

एआय पायलटच्या हाती विमान द्यायचं तर कमाल कोन 16-18 आणि कमाल जी 10 भरा. नाहीतर तो तुमचं सगळं काळजीने जपलेलं गणित मोडून 30 अंश खेचतो. स्टिअर फॅक्टर (तो किती जोरात वळवतो तो आकडा) हळूहळू वाढवा. नाक डुलायला लागलं की चौथा हिस्सा कमी करा, मग डँपिंग (डुलणं शमवणारा आकडा) वाढवा. किमान उंची 300 मीटरच्या खाली ठेवली तर तो सूर मारताना जमिनीत जातो आणि त्या प्रयत्नाची नोंद मिसाईल लागलं अशी होते. प्रत्येक प्रयत्नापुढे मिसाईल लागलं, जमीन लागली, की विमान स्वतःच तुटलं, हे वेगवेगळं लिहा. पहिल्या दिवशी नोंदींतला मोठा भाग दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात जातो. ते आधी निस्तरा, पंखाला हात नंतर लावा.